जुन्या संगणकाचा ऑसिलोस्कोप करताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर गेली काही वर्षे एक जुना डेस्कटॉप संगणक ऑसिलोस्कोपचे, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर तरंगासारखा दाखवणाऱ्या यंत्राचे, काम करतो आहे. इंटरनेटसाठी तो केव्हाच निकामी झाला होता आणि भंगारात वजनावर जाण्याच्या बेतात होता. परंतु त्याच्या मदरबोर्डवरचे साउंड कार्ड शाबूत होते, आणि गणपतीच्या तोंडावर मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येऊ लागले की आवाजाच्या पट्ट्यातले सिग्नल पाहण्यासाठी तेवढे पुरेसे असते. पुरेसे असते म्हणजे काय आणि कुठपर्यंत, हे मात्र मला दोन साउंड कार्डे व एक गिऱ्हाईक गमावल्यावर नीट कळले.

पहिले कार्ड गेले ते अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटची वायर थेट कार्डाला जोडल्यामुळे. साउंड कार्डाच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा सिग्नल आत घेणाऱ्या खाचेला, साधारण १ व्होल्टपर्यंतचा सिग्नल अपेक्षित असतो. ८ ओहमच्या स्पीकरवर १०० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर सुमारे २८ व्होल्ट आरएमएस (एसीचे परिणामी मूल्य) असतात आणि तरंगाचे शिखर ४० व्होल्टपर्यंत जाते. त्यामुळे मध्ये व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी हवीच. येथे बहुतेक जण १०० किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून ‘सिग्नल अकरा पटींनी कमी झाला’ असे धरून चालतात. पण कार्डाच्या लाइन-इनचा स्वतःचा रोध अनेकदा १० ते ५० किलोओहम एवढाच असतो, आणि तो खालच्या रेझिस्टरला समांतर येतो. तो २० किलोओहम असेल, तर १० किलोओहमचे प्रत्यक्षात ६.६७ किलोओहम होतात आणि सिग्नल अकरा नव्हे, सोळा पटींनी कमी होतो. म्हणून हे गुणोत्तर कागदावर न काढता, कार्ड जोडलेले असतानाच ज्ञात सिग्नल देऊन ठरवावे.

संरक्षणासाठी इनपुटवर उलटसुलट दोन १एन४१४८ डायोड लावण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. हा डायोड ०.६ व्होल्टला एकदम ‘चालू’ होत नाही; ०.४ व्होल्टच्या आसपासच तो काही मायक्रोअँपिअर ओढू लागतो आणि मागे दहा-पंधरा किलोओहमचा रोध असेल तर तेवढ्यानेही तरंगाचे शेंडे गोल होतात. मग माणूस अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विकृती शोधत बसतो आणि विकृती त्याच्याच प्रोबमध्ये (मोजणीच्या वायरीत) असते. एकेरी डायोड लावायचे असतील तर कार्डावरचा सिग्नल ०.३ व्होल्टच्या आत ठेवावा, नाहीतर प्रत्येक दिशेला दोन-दोन डायोड एकापुढे एक लावावेत.

खाच चुकू नये

डेस्कटॉपच्या मागे निळी खाच लाइन-इनची, गुलाबी मायक्रोफोनची आणि हिरवी आउटपुटची असते. गुलाबी खाचेवर मायक्रोफोनसाठी काही व्होल्टचा डीसी दिलेला असतो आणि तिची सहनशक्ती मिलिव्होल्टमध्ये मोजावी एवढीच असते. अनेक लॅपटॉपना एकच चार-कड्यांची खाच असते. तीत फक्त मायक्रोफोन-इन, तेही एकाच चॅनेलचे, म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकाच वेळी पडद्यावर शेजारी ठेवून पाहण्याची सोय गेली. माझ्या मते या कामाला लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा.

टेबलावर शिकायला येणाऱ्या मुलाने एकदा ९ व्होल्टची बॅटरी त्याच रेझिस्टरच्या जोडीतून, म्हणजे अ‍ॅटेन्युएटरमधून जोडून पाहिली आणि म्हणाला, “दादा, एकदा उडी मारून रेघ परत शून्यावरच आली की ओ!” ती यायचीच होती. बहुतेक साउंड कार्डांच्या इनपुटला कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. त्यामुळे आउटपुटवर डीसी आला आहे का, जो आला तर स्पीकरची कॉइल जळते, हे या यंत्रावर कधीही दिसणार नाही. त्यासाठी मल्टिमीटरच वापरावा. ५० हर्ट्झचा चौकोनी तरंग वरच्या बाजूने उतरता दिसतो, त्याचेही कारण हाच कपॅसिटर.

अर्थ आणि ग्राउंड

सर्वांत धोक्याची चूक येथे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डेस्कटॉपच्या साउंड कार्डाचे ग्राउंड संगणकाच्या पेटीला आणि पेटी थ्री-पिनमधून घराच्या अर्थला जोडलेली असते. याचा अर्थ प्रोबची काळी क्लिप म्हणजे अर्थच. एसएमपीएस या स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याच्या प्राथमिक (मेन्सकडच्या) बाजूचे ‘ग्राउंड’ मात्र अर्थ नसते. २३० व्होल्ट एसी सरळ रेक्टिफाय करून तेथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेला असतो आणि त्याची निगेटिव्ह बाजू मेन्सच्याच संपर्कात असते. तेथे काळी क्लिप लावली की स्फोटासारखा आवाज होतो. डेस्कटॉपची अर्थची पिन काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मग संगणकाची लोखंडी पेटीच जिवंत होऊ शकते. या घरगुती स्कोपने मेन्स आणि एसएमपीएसची प्राथमिक बाजू मोजायचीच नाही. यात तडजोड नको.

दुसरे कार्ड मात्र अवघ्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या पीएएम८४०३ आयसीच्या इवल्याशा अ‍ॅम्प्लिफायर बोर्डाच्या नादात गेले. या आयसीच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यांपैकी एकही ग्राउंड नसते. टीडीए७२९७ आणि गाड्यांतले बरेच अ‍ॅम्प्लिफायर याच ब्रिज पद्धतीचे असतात. बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा मी त्याच संगणकाच्या यूएसबीवरून घेतला होता, म्हणजे बोर्डाचे ग्राउंड आणि कार्डाचे ग्राउंड आधीच एक झालेले होते, आणि मी काळी क्लिप आउटपुटच्या एका वायरीला लावली. आयसी आणि कार्ड दोन्ही गेले. अशा ठिकाणी काळी क्लिप पुरवठ्याच्या ग्राउंडला लावून दोन्ही वायरी दोन चॅनेलवर स्वतंत्र पाहाव्यात.

लॅपटॉपच्या टू-पिन अ‍ॅडॉप्टरचा प्रश्न निराळा आहे. अर्थ नसल्याने आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून मेन्सच्या निम्म्याच्या आसपासचे व्होल्टेज ग्राउंडवर तरंगत राहते. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. प्रवाह अत्यल्प असला तरी नाजूक मॉसफेट ट्रान्झिस्टर जाळायला तो पुरतो. म्हणून आधी ग्राउंडची क्लिप आणि नंतर सिग्नलची, हा क्रम मोडू नये. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर हा त्रास राहत नाही, पण भंगारातून आलेल्या लॅपटॉपची बॅटरी चालू असणे हेच नवल.

पडद्यावर जे दिसत नाही ते

कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर २४ किलोहर्ट्झच्या वरचे त्याला काहीही दिसत नाही. १० किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग दिला तर पडद्यावर स्वच्छ साइन तरंग येतो, कारण चौकोनाला चौकोन बनवणारा त्याचा पुढचा घटक ३० किलोहर्ट्झचा असतो आणि तो कार्डाच्या फिल्टरमध्येच गळून जातो. तरंग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ९६ किलोहर्ट्झ निवडूनही फरक पडत नसेल, तर विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये कार्ड ४८ किलोहर्ट्झवरच राहिले आहे का ते पाहावे. तेथेच एन्हान्समेंट्स, आवाज आपोआप सांभाळणारी सोय आणि मायक्रोफोन बूस्ट हे सर्व बंद करावे. ते चालू असेपर्यंत तरंगाच्या उंचीवर विश्वास ठेवता येत नाही.

गिऱ्हाईक गेले ते या मर्यादेमुळे. एका मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल नसतानाही तापत होता. पडद्यावर रेघ अगदी सरळ होती, म्हणून बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह, थोडा कमी करून मी तो परत दिला. दोन दिवसांत आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन तो परत आला आणि त्यानंतर ते मंडळ माझ्याकडे आले नाही. आउटपुटवर १० ओहम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटरची जी जोडी असते, तिच्यातला रेझिस्टर जळून तुटला होता आणि अ‍ॅम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आपोआप आंदोलने करत होता. आता असा संशय आला की मी इनपुट शॉर्ट करतो, आउटपुटवर छोटा कपॅसिटर आणि डायोड लावून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवतो. इनपुट शॉर्ट असताना तेथे वाचन आले, तर कार्डाला न दिसणारे काहीतरी चालू आहे.

मोजमापाचा पाया घालताना स्वस्त मल्टिमीटरही फसवतो. बाजारातल्या ८३० जातीच्या मीटरची एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, म्हणजे १ व्होल्ट मोजताना तो ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनीच वाचतो, आणि साधारण ४०० हर्ट्झच्या पुढे त्याची हमीही नसते. २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर घ्यावा, हिरव्या खाचेतून २०० हर्ट्झचा साइन तरंग काढावा, आणि मीटरवर १ व्होल्ट आला तर पडद्यावर शिखरापासून शिखरापर्यंत २.८३ व्होल्ट दिसेल असे प्रोग्रॅममध्ये लावून घ्यावे. हिरव्या खाचेचा आवाज पूर्ण वाढवला तर काही कार्डे तेथेच शेंडे कापतात.

घरघर दिसली तर आधी तिची वारंवारता मोजावी. १०० हर्ट्झ असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर थकला आहे. ५० हर्ट्झ असेल तर बहुधा दोष आपल्या वायरीत आहे: शील्ड नसलेली वायर, सुटलेले ग्राउंड, किंवा संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर विजेच्या दोन वेगळ्या बोर्डांवरून जोडलेले. दोन्ही एकाच बोर्डावर आणावेत. जुन्या घरांत अर्थिंग नुसते नावाला असते, तेही एकदा तपासून घ्यावे.

पावसाळ्यात आणखी एक छळ ठरलेला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत निळ्या खाचेतले पत्रे काळवंडतात आणि एक चॅनेल मधूनच गायब होतो. वायर हलवून तो परत येत असेल, तर प्रोग्रॅममध्ये काही शोधू नये, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर करावी.