बॉटनीत पुढे जायचंय? आधी एक हर्बेरियम शीट नीट बनवा

बीएस्सीची मुलं विचारतात, रिसर्चमध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर एकच, एका झाडाचं हर्बेरियम शीट, म्हणजे दाबून वाळवलेली फांदी जाड कागदावर लावून माहितीचं लेबल जोडलेलं, मन लावून बनव, कारण शंभर वर्षांनी कुणाला तुझं काम तपासायचं असेल तर तो हेच समोर घेऊन बसणार.

फूल किंवा फळ असलेलीच फांदी घ्यायची, नुसत्या पानांवरून ओळख पटवणं फार अवघड जातं. छोटं रोप असेल तर मुळासकट. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, आणि एखाद्या जागी चारपाचच रोपं दिसली तर प्लीज हात लावू नका, फोटो काढा.

वही खिशात पाहिजेच. जागा, तारीख, उंची, गावातले लोक काय नावाने ओळखतात आणि फुलाचा रंग, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. मी पहिल्यांदा कारवी गोळा केली तेव्हा रंग लिहिलाच नाही, म्हटलं लक्षात राहील की, आठवड्याने पेपर उघडला तर जांभळी फुलं पार तपकिरी झालेली आणि कारवी परत फुलणार ७ वर्षांनी, इतकं वाईट वाटलं होतं ना.

मग प्रेस, म्हणजे फांदी कागदांमध्ये दाबून वाळवणं. वर्तमानपत्रात फांदी पसरायची, एकदोन पानं उलटी ठेवायची म्हणजे मागची बाजूपण दिसते, आणि पावसाळ्यात पेपर रोज बदलायचे, एक दिवस आळस केला की बुरशी आलीच. तेरड्याच्या पाकळ्या ओल्या कागदाला अशा चिकटतात की सोडवताना फाटतात, म्हणून त्याची दोनचार फुलं वेगळी टिश्यू पेपरात दाबा. रसाळ खोड असेल तर उभं चिरा.

वाळलं की साधारण ४२ बाय २८ सेंमीच्या जाड कागदावर दोऱ्याने टाके घालायचे, लेबल खाली उजवीकडे. वहीत प्रत्येक नमुन्याला एक नंबर द्यायचा, तोच शीटवर, आणि नंबरांची मालिका आयुष्यभर एकच, नोकरी बदलली तरी परत १ पासून सुरू करायची नाही.

पुण्यात असाल तर आघारकर संशोधन संस्थेत अर्ज करून जुनी शीट्स बघून या. शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, जन्म १८८४, कलकत्ता विद्यापीठात बॉटनीचे प्रोफेसर होते, आणि १९४६ साली पुण्यात ही संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. जुळवायला आपलं शीट नेणार असाल तर आधी विचारून घ्या, किडीच्या भीतीने बऱ्याच हर्बेरियममध्ये, म्हणजे अशा शीट्सच्या संग्रहात, बाहेरचं शीट डीप फ्रीजरमध्ये ठेवल्याशिवाय आत घेत नाहीत.