टेलिकास्टर: जी तारेचा चढा सूर कसा उतरवला

टेलिकास्टर ही फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. तिच्या 1950 च्या दशकातल्या मूळ रचनेत सहा तारांना तीनच पितळी सॅडल (तार जिच्यावर टेकते ती गिटारच्या तळाकडची सरकती पट्टी), म्हणजे एका सॅडलवर दोन तारा. डी आणि जी या मधल्या दोन तारांची जोडी सर्वांत त्रासदायक. त्या काळी जी तार गुंडाळीची (गाभ्याच्या तारेवर बारीक तार गुंडाळलेली) असायची, आज ती सहसा साधी, एकसंध असते. ही साधी जी तार डीच्या गाभ्यापेक्षा जाड, म्हणून तिला थोडी जास्त लांबी लागते. सॅडल डीसाठी लावलं की जी वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) चढी, म्हणजे हव्या सुरापेक्षा उंच वाजते.

आधी नवीन तारा चढवल्या, मानेचा बाक आणि तारांची उंची ठरवली. हे नंतर बदललं तर सगळी मेहनत वाया. मग 12 व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) ताडून पाहिला. दाबलेला चढा असेल तर मागचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून सॅडल मागे घ्यायचं. त्याआधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूची खाच झिजते. दर वेळी पुन्हा सुरात लावूनच मोजायचं.

तरी जी आणि डीमधला फरक उरलाच. शेवटी मधलं सॅडल तिरप्या छिद्राचं बसवलं, जीची बाजू मागे. मूळ सॅडल ठेवायचं असेल तर गुंडाळीची जी तार लावा. पण बेंड मारणाऱ्यांना (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवणाऱ्यांना) ती आवडणार नाही.