खाली गॅरेज, वर घर: कडाक्याच्या थंडीत बांधायचं असेल तर

गॅरेजवर छोटंसं घर चढवायचं म्हणजे काय, दोन मजली खोकाच तर बांधायचाय, असं आधी वाटतं. पण जिथे हिवाळ्यात पारा महिनोन्महिने शून्याच्या खाली असतो तिथे हा खोका जरा विचित्र होतो, खालचं अंग गारठलेलं आणि वरचं उबदार, मध्ये फक्त फूट-दीड फुटाचा मजला. पाया, भिंती, छप्पर हे थोडंफार कुठल्याही घरासारखंच असतं, पण पाय गार पडणं, पाइप गोठणं, गाडीचा धूर वर येणं, आवाज वर जाणं ही सगळी रडगाणी त्या मधल्या मजल्यातून येतात. म्हणून नकाशा काढायच्याही आधी एक प्रश्न सोडवून टाका, गॅरेज गरम ठेवणार की नाही?

गरम म्हणजे बसून गप्पा मारण्याइतकं नाही हो, ५ ते १० अंश सेल्सिअस पुरे. माझं मत विचाराल तर थोडं गरम जरूर ठेवा, पण मजला मात्र गॅरेज कधीच गरम होणार नाही असं धरून बांधा. हीटर बंद पडतो, वीज जाते, नाहीतर घरातलंच कोणीतरी दार सताड उघडं टाकून निघून जातं आणि उणे २० ची रात्र थेट तुमच्या पायाखाली येऊन बसते.

परवानगीचं मी लांबवत नाही. त्या प्लॉटवर दुसरं राहतं घर चालतं का, हद्दीपासून किती अंतर सोडायचं, उंचीची मर्यादा काय, सांडपाण्याची लाइन किंवा सेप्टिक टँक आणखी एक बाथरूम झेपवेल का, एवढं आधी लेखी घ्या. उंचीवर बरेच जण अडकतात. ८ फुटी दार आणि त्याचे रूळ बसवायचे तर गॅरेजचं छत ९ फुटांच्या आसपास लागतं, त्यावर मजला सव्वा फूट, वरच्या खोल्या ८ फूट, त्यावर उतरतं छप्पर, म्हणजे बघता बघता २५ फूट होतात.

तसंच जिन्याचं. २४ बाय २४ फूट म्हणजे ५७६ चौरस फूट, दोन गाड्या बसतात आणि वर एकट्या-दुकट्याचं घर छान होतं, पण जिना कुठे? एवढ्या उंचीला साधारण १७ पायऱ्यांची चढण येते, म्हणजे सरळ जिना १३ फुटांच्या वर जातो आणि खाली-वर उभं राहायला जागा धरली तर २० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पट्टी गेली. बाहेरून जिना काढला की ही जागा वाचते, मान्य, पण बर्फ साचलेल्या उघड्या पायऱ्यांवरून सामानाच्या पिशव्या घेऊन रोज चढून बघा एकदा. मी तरी इमारत २८ फूट रुंद करून जिना आतच घेईन. फक्त लक्षात ठेवा, जिना आणि गॅरेज यांच्यातली भिंत ही सुद्धा थंड-गरमची हद्द झाली, तिला बाहेरच्या भिंतीसारखंच इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, द्यावं लागतं.

आता पाया. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोच आहोत, पण पाया उचलला जातो तो एवढ्यानेच नाही. बारीक, गाळासारखी माती खालचं पाणी वर ओढत राहते, ते गोठणाऱ्या थराशी जमून बर्फाच्या चकत्या बनतात, चकत्या जाड होत जातात आणि वरचं सगळं उचलतात, तेही सगळीकडे सारखं नाही, एक कोपरा जास्त, एक कमी, मग दार अडकायला लागतं आणि भिंतीला भेगा पडतात. माती, पाणी, थंडी या तिघांपैकी एक काढा की काम झालं. नेहमीचा उपाय म्हणजे फुटिंग, म्हणजे पायाचा सगळ्यात खालचा रुंद भाग, गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठते त्या पातळीच्या) खाली नेणं, कुठे ४ फूट, कुठे ६ फूट, तुमच्या भागाचा आकडा बांधकाम खात्याकडे असतो तोच धरा. दुसरा उपाय उथळ पाया करून कडेने जमिनीत इन्सुलेशनच्या कडक फोमचे आडवे पंख घालायचे, म्हणजे जमिनीतली ऊब तिथेच अडते. पण हे गणित गरम इमारतीचं आहे, गॅरेज थंड असेल तर वरून ऊब मिळतच नाही, मग फोम अख्ख्या पायाखाली घालावा लागतो आणि ते डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्यावं. कुठलाही पाया असो, बाजूने खडी आणि भोकं असलेला ड्रेन पाइप घाला, पाणी निघून गेलं तर बर्फ कशाचा होणार.

दाराच्या खालचा भाग विसरू नका, तिथे भिंत नाही म्हणून फुटिंगही नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, सलग न्या. दाराबाहेरचा सिमेंटचा उतार हिवाळ्यात उचलला गेला की वितळलेलं पाणी उलटं आत येतं आणि रात्री गोठून दार जमिनीला चिकटतं. त्याच्याखालीही खडी आणि फोम हवाच.

जमिनीचा स्लॅब ओतताना खाली २ इंच फोम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद. जमीन तापवणारे गरम पाण्याचे पेक्स (प्लास्टिकचे लवचीक) पाइप स्लॅबमध्ये घालायचे असतील तर हीच वेळ, बॉयलर पाच वर्षांनी आणलात तरी चालेल पण पाइप नंतर घालता येत नाहीत. दाराकडे दर फुटाला पाव इंच उतार ठेवा कारण गाडीला चिकटून आलेला बर्फ आत वितळतो आणि बादलीभर पाणी होतं, त्यात रस्त्यावरचं मीठही असतं. म्हणून काँक्रीट हवेचे बारीक बुडबुडे असलेलं मागवा, एअर-एन्ट्रेन्ड म्हणतात त्याला, गोठणाऱ्या पाण्याला त्यात फुगायला जागा मिळते नाहीतर दोन-तीन हिवाळ्यांत वरचं कवच पापडासारखं सुटतं. गोठलेल्या जमिनीवर ओतू नका, आणि ओतल्यावर पहिले काही दिवस ब्लँकेट घालून उबदार ठेवा.

एक चूक मी स्वतः होताना पाहिलीय, पाया पावसाळी दिवसांत घातला, पैसे संपले, म्हटलं उरलेलं पुढच्या उन्हाळ्यात करू, आणि उघड्या फुटिंगखाली थंडी शिरली. वर इमारत नाही, बाजूला माती भरलेली नाही, मग खोल नेऊनही काय उपयोग. तेव्हा एकतर थंडीच्या आधी छप्पर चढवा, नाहीतर पाया घालूच नका, किंवा घातलाच तर माती आणि इन्सुलेशनने झाकून ठेवा.

लाकडी फ्रेम उभी करताना समोरची भिंत सगळ्यात नाजूक. मोठं दार म्हणजे मोठं भोक, दोन्ही बाजूला दोन-तीन फुटांच्या पट्ट्या उरतात आणि वर अख्खं घर, त्यावर बर्फाचं वजन, त्यात वाऱ्याचा धक्का. दारावरचा बीम एलव्हीएलचा (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला) किंवा स्टीलचा आणि बाजूच्या पट्ट्या पायाला कशा जखडायच्या हे इंजिनिअरने ठरवायचं, सुताराच्या अंदाजावर सोडायचं नाही, इथे फी वाचवू नका.

आता मधला मजला, यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

२४ फुटांचं अंतर मध्ये खांब न घालता ओलांडायचं तर ओपन-वेब ट्रस बरे, जाळीसारखे असतात, पाइप आणि डक्ट आरपार जातात, भोकं पाडत बसावं लागत नाही. महत्त्वाचा आहे तो थरांचा क्रम. वर फरशी किंवा लाकूड, मग प्लायवूड, त्याच्या लगेच खाली पाइप, पाइपांच्या खाली इन्सुलेशन, सगळ्यात खाली जिप्सम बोर्ड. पाइप नेहमी उबेच्या बाजूला, इन्सुलेशन नेहमी पाइप आणि गॅरेजच्या मध्ये. उलटं झालं, म्हणजे इन्सुलेशन वर आणि पाइप खाली लोंबकळत, की पहिल्याच थंडीत कळतं. शॉवरचा ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, तर मजल्याच्या खालीच असतो आणि त्यात कायम पाणी, म्हणून तिथे इन्सुलेशन नीट घालायला जागा मिळेल एवढी ट्रसची उंची घ्या. पोकळी पूर्ण भरा, इन्सुलेशनचा कापूस वर चिकटवून खाली मोकळी जागा सोडली की थंड हवा त्यात फिरते. ट्रसच्या खालून आणखी इंच-दोन इंच कडक फोमचा थर मारला तर लाकडातून जाणारी थंडीही तुटते, पाय खूश. आणि कडेची रिम, जिथे मजला बाहेरच्या भिंतीला टेकतो, तिथे स्प्रे फोम मारा, सगळ्यात जास्त वारा तिथूनच शिरतो.

स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच आतल्या भिंतीला पाठीला पाठ लावून ठेवा, बाहेरच्या भिंतीत पाण्याचा एकही पाइप नको. तरी एक सांडपाण्याचा आणि एक पाणी येणारा पाइप गॅरेजमधून जाणारच, ते एका कोपऱ्यात पेटी करून न्या, पेटीला गॅरेजच्या बाजूने इन्सुलेशन घाला, पण वरच्या घराची ऊब जिथून आत येईल ती बाजू मात्र मोकळी ठेवा. बरेच जण पेटीत चारी बाजूंनी कापूस कोंबतात आणि पाइपला ऊबच पोचत नाही. पेटी मजल्यातून वर जाते तिथे आग रोखायचं काय करायचं हे इन्स्पेक्टरला आधीच विचारून घ्या. छपरातून बाहेर जाणारा व्हेंट पाइप निदान ३ इंची हवा, बारीक असेल तर ओलसर हवेचा बर्फ तोंडाशी साचून बंद होतो आणि मग ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन घरात वास सुटतो.

गाडीचा धूर ही गंमत नाही. थंडीत लोक गाडी सुरू करून गरम व्हायला सोडतात, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि वरचं घर गरम असल्यामुळे ते खालची हवा चिमणीसारखी वर ओढतं. म्हणून गॅरेजचं छत हवाबंद हवं, प्रत्येक वायर, प्रत्येक पाइपभोवतीची फट सीलंटने बंद, आणि गॅरेज व घर यांचा डक्ट एक अजिबात नको. वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, झोपायच्या खोलीजवळ. आगीसाठी छताला ५/८ इंची टाइप एक्स (आगीत जास्त वेळ टिकणारं) जिप्सम, मजल्याला आधार देणाऱ्या भिंतींनाही जिप्सम, मधलं दार भरीव आणि आपोआप बंद होणारं. वरचं घर स्वतंत्र भाड्याने द्यायचं असेल तर एक तास टिकेल असा आगरोधक मजला मागतात बऱ्याच ठिकाणी. बेडरूमची खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी घ्या, कारण जिना पेटला तर दुसरी वाट तीच.

छप्पर: घराची ऊब वर गळली की बर्फ वितळतो, पाणी घसरत थंड वळचणीला येऊन पुन्हा गोठतं, बांध तयार होतो, मागे पाणी तुंबतं आणि पत्र्या-शिंगल्सखालून आत येतं. लोक वळचणीला हीटिंग केबल लावतात, ते दुखणं सोडून पट्टी बांधणं झालं. खरा इलाज म्हणजे छतातली गळती बंद करा, भिंतीवरच्या कडेलाही पूर्ण जाडीचं इन्सुलेशन बसेल असे उंच टाचेचे ट्रस घ्या, वर हवा खेळती ठेवा, आणि वळचणीपासून वर पाणी अडवणारं चिकट मेम्ब्रेन घाला. छपराखालची तिरकी खोली दिसायला गोड, पण थंडीत ती नीट बांधणं कठीण, त्यापेक्षा सरळ पूर्ण भिंती उचला. छपराचा उतार दाराच्या दिशेला देऊ नका, बर्फाचा ढीग नेमका गाडी काढायच्या जागी पडतो, त्रिकोणी बाजू समोर ठेवा म्हणजे बर्फ बाजूला घसरेल.

वरच्या खोल्या तापवायला थंड हवामानाचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारं यंत्र) चांगला, उणे २५ पर्यंत चालणारे मिळतात, तरी अगदी वाईट रात्रीसाठी साधे इलेक्ट्रिक हीटर असू द्या. बाहेरचं युनिट भिंतीला टांगू नका, घरघर सगळी आत येते, जमिनीवर स्टँडवर ठेवा, साचणाऱ्या बर्फापेक्षा उंच आणि वळचणीच्या धारेपासून लांब. एवढं हवाबंद घर केल्यावर ताजी हवाही लागते, म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब परत घेणारं एचआरव्ही बसवा नाहीतर खिडक्यांना घाम फुटेल. गॅरेजच्या दाराची मोटर छताला टांगण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर, दार गुंडाळणाऱ्या दांड्याशेजारी (शाफ्टशेजारी) बसणारी घ्या, नाहीतर रात्री कोणी गाडी घेऊन आलं की वरचा पलंग थरथरतो.

छताला जिप्सम मारायच्या आधी दोन कामं. पाइप-वायर कुठून गेलेत त्याचे टेप लावून फोटो काढा. आणि ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे घरातल्या फटी शोधायची चाचणी, करणाऱ्याला बोलवा, तो दारात पंखा लावून घरातली हवा ओढतो, मग गॅरेजमध्ये उभं राहून छताजवळ धुराची कांडी फिरवा, धूर जिथे वर ओढला जाईल तिथे सीलंटची गन घेऊन चढा.