जुना सी प्रोग्रॅम नव्या मानकावर कसा न्यावा

वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चाललेला सी भाषेतील प्रोग्रॅम नव्या कंपायलरमधून (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनातून) जाताना अडखळला, की भाषेनेच दगा दिला असे वाटू लागते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो कोड कोणत्या मानकाला, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांच्या कोणत्या आवृत्तीला, धरून लिहिला आहे हे कुठेच नोंदलेले नसते आणि कंपायलर स्वतःहून गृहीत धरत असलेले मानक मात्र दरम्यान पुढे सरकलेले असते. जीसीसी या प्रचलित कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीने २०१५ मध्ये सी८९ (१९८९ चे मानक) सोडून सी११ (२०११ चे) गृहीत धरले, आठवीने सी१७ आणि २०२५ मधील पंधरावीने सी२३.

म्हणून सर्वांत आधी मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘एसटीडी’ (-std) या पर्यायाने मानक स्पष्ट लिहावे. जुन्या कोडसाठी शक्यतो ‘जीएनयू८९’ (सी८९ अधिक जीसीसीच्या जादा सोयी) निवडावे, कारण निव्वळ ‘सी८९’ निवडल्यास दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या टिपांसारख्या, त्या कोडने सर्रास वापरलेल्या सोयी बंद होतात. त्यानंतर ठरावीक इनपुटवर मिळणारे आउटपुट जपून ठेवावे; पुढच्या प्रत्येक बदलानंतर त्याच्याशी ताडून पाहायचे आहे.

आता सगळ्या वॉर्निंग चालू कराव्यात आणि घोषणा न करता, म्हणजे ती काय घेतात व काय परत करतात हे आधी न सांगता, वापरलेल्या फंक्शनांकडे आधी वळावे. या एका वॉर्निंगला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी मोजली आहे. मी सांभाळत असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये मेमरी मिळवून तिचा पॉइंटर (पत्ता) परत करणारे फंक्शन एका फाइलमध्ये होते आणि दुसरी फाइल त्याची घोषणा न करताच ते वापरत होती. जुन्या नियमानुसार कंपायलरने ते पूर्णांक परत करते असे मानले. ३२ बिटांच्या यंत्रावर पूर्णांक आणि पॉइंटर एकाच आकाराचे असल्याने काही बिघडले नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर मात्र पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडू लागले. छोट्या मागणीला मिळणारी मेमरी खालच्या पत्त्यांवर असल्याने चाचण्या पार पडत, आणि मोठी फाइल उघडली की प्रोग्रॅम कोसळे. दोष शोधायला कित्येक दिवस गेले, दुरुस्तीला हेडरमधली (घोषणांच्या सामायिक फाइलमधली) एक ओळ पुरली. ही मोकळीक सी९९ नेच काढून घेतली होती, तरी जीसीसीने तिला एरर ठरवले ते २०२४ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत. कंपायलर चालवून घेतो म्हणून मानकालाही ते मान्य आहे असे समजू नये.

एवढे झाले की एकेक मानक वर चढावे आणि प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र कमिट (बदलांची नोंद) करावा. सी२३ ला दोन ठिकाणी हमखास अडते. फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसाचा अर्थ पूर्वी ‘आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्ये) सांगितलेली नाहीत’ असा होता, आता तो ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा आहे. आणि ‘बूल’ हा आता कीवर्ड झाल्याने त्याच नावाचा घरचा टाइपडेफ (एखाद्या प्रकाराला आपण दिलेले नाव) चालत नाही.

कंपायलर ज्याबद्दल बऱ्याचदा अवाक्षरही काढत नाही, तो धोका वेगळा. चिन्हयुक्त पूर्णांकात १०० मिळवल्यावर उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान आले का, अशी ओव्हरफ्लोची (उत्तर ठरलेल्या बिटांत न मावण्याची) तपासणी जुन्या कोडमध्ये वारंवार आढळते. असा ओव्हरफ्लो मानकाने कधीच व्याख्येत बसवलेला नाही. त्यामुळे ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) तो घडणारच नाही असे धरून ती तपासणी काढून टाकू शकतो. बेरजेनंतर नव्हे, बेरजेआधी कमाल मर्यादेशी तुलना करावी. तोवर असा ओव्हरफ्लो ठरावीक रीतीने गुंडाळून घेणारा ‘एफ-रॅपव्ही’ (-fwrapv) हा पर्याय आधार देतो.

आपला कोड लायब्ररी म्हणून इतर वापरत असतील, तर सोर्सची सुसंगतता (जुना कोड पुन्हा कंपाइल होणे) आणि बायनरीची सुसंगतता (आधीच कंपाइल झालेला प्रोग्रॅम चालणे) वेगवेगळी सांभाळावी लागते. बफरची मर्यादा न पाहणारे ‘गेट्स’ हे फंक्शन सी११ ने मानकातून वगळले आणि जीलिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीच्या हेडरने नव्या मानकांसाठी त्याची घोषणा लपवली. पण आधीच कंपाइल झालेले प्रोग्रॅम चालावेत म्हणून लायब्ररीत ते अजून ठेवले आहे. हीच पद्धत आपणही अवलंबावी. स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गटात) नवे फील्ड शेवटी जोडणेही पुरेसे नसते, कारण जुन्या प्रोग्रॅमने जुन्याच आकाराची मेमरी राखलेली असते. म्हणून स्ट्रक्टची रचना हेडरमध्ये उघडी न ठेवता ते तयार करणारे आणि मोडणारे फंक्शन पहिल्या आवृत्तीपासूनच द्यावे.