मेम्ब्रेन प्रोटीनच्या लॅबला अर्ज करताय? आधी फवाऱ्याच्या औषधाची बाटली बघा

पेशीच्या पातळ आवरणात, म्हणजे पटलात, बसलेल्या प्रथिनांवर (मेम्ब्रेन प्रोटीन) मी काम करतो, पण हे बाबांना अजून नीट सांगता येत नाही. "पोट्टा साबणाच्या पाण्यात काहीतरी शोधून राहिला," असं ते राळेगावच्या बाजारात सांगतात. चुकीचंही नाही म्हणा. एमएस्सी झालेल्या कुणा ना कुणा पोरापोरीचा गावाकडून फोन येतोच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रोफेसरांना पाठवायच्या मेलमधलं "मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य आधी खोडा. त्याजागी एक प्रथिन घ्या आणि त्याबद्दल प्रश्न विचारा. आपल्याला लांब जावं लागत नाही. आपण फवारतो ते सायपरमेथ्रिन किडीच्या चेतापेशीच्या पटलात बसलेल्या सोडियम चॅनलला (सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दाराला) धरतं आणि ते वेळेवर मिटू देत नाही. झुरळातल्या अशाच एका चॅनलची रचना 2017 साली क्रायो-ईएमनं (गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं फोटो काढून) उलगडली. बीटी कपाशीतलं विष अळीच्या आतड्यातल्या पेशींच्या पटलाला भोकं पाडतं, आणि त्याला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिन या पटलातल्याच प्रथिनात बदल सापडलेत. आमच्या वावरातली पऱ्हाटी त्या अळीनं खाल्ली होती. मी मेलमध्ये तेवढंच लिहिलं, चार ओळीत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

मग प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून तुमच्या प्रथिनाची रचना उतरवा (फुकट आहे) आणि कायमेराएक्स या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून बघा. मधला पट्टा तेलकट अमिनो आम्लांचा दिसेल. तो पटलात रुततो. सगळी कटकट त्या पट्ट्याची.

कारण प्रथिन पटलातून काढून नुसत्या पाण्यात आणलं की ते पट्टे एकमेकांना चिकटतात. म्हणून डिटर्जंट लागतं, बहुतेकदा डीडीएम नावाच्या डिटर्जंटपासून सुरुवात होते. त्याचे रेणू पट्ट्याभोवती कडं करतात, तेलकट कढईला साबण लागतो तसं. इथंच माझी फजिती झाली. पहिल्या मुलाखतीत विचारलं, "कॉलमच्या बफरमध्ये डिटर्जंट घातलं नाही तर?" (कॉलम म्हणजे प्रथिन शुद्ध करायची नळी, बफर म्हणजे तिच्यातून सोडायचं द्रावण.) मी म्हणालो, काही नाही, प्रथिन आधीच विरघळलंय. समोरचे तिघंही हसले नाहीत, तेच जास्त लागलं. डिटर्जंटची सीएमसी नावाची एक पातळी असते, जिच्या वर त्याचे रेणू एकत्र येऊन गोळे (मायसेल) करतात, डीडीएमची साधारण 0.009 टक्के. त्याखाली गेलात की कडं सुटतं. पुढं लॅबमध्ये मी हेच करून बसलो. ट्यूबमध्ये फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण, आणि सहा लिटर कल्चरची (प्रथिन बनवणाऱ्या पेशी वाढवलेल्या द्रावणाची) मेहनत पाण्यात. सीएमसी, मायसेल, नॅनोडिस्क (प्रथिन बसवायची पटलाची छोटी चकती) हे तीन शब्द स्वतःच्या भाषेत समजावता आले पाहिजेत. पाठांतर लगेच पकडलं जातं.

बायोडाटात फसलेला प्रयोगही लिहा, का फसला त्यासकट. मला तरी दुसऱ्या मुलाखतीत त्यावरच निम्मा वेळ विचारलं.

परीक्षांचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) असेल तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. प्रोजेक्टच्या काही जागा नेटशिवायही भरतात, जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर गावातून देऊ नका. सकाळी कृषिपंपाची लाइन आली की आमच्या घरचा बल्ब मिणमिणतो, इंटरनेटचं तर विचारूच नका. मी आदल्या दिवशीच वर्ध्याला मामाकडे गेलो होतो.