खणाची सुई-चंची घरीच शिवा
ब्लाउज शिवून उरलेला खणाचा तुकडा टाकू नका, त्यात सुया ठेवायची मस्त छोटी चंची होते, आजी पान-सुपारीची गुंडाळायची ना तशीच. खण आणि सुती अस्तर दोन्ही २०×१० सेंमी कापा, खणाचे दोरे फार सुटतात म्हणून टीप कडेपासून १ सेंमी आत घ्या. सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवा आणि नाडी आधीच दोन्हीच्या मध्ये अडकवा (मी विसरले, सगळं उसवावं लागलं!!). ४ सेंमी जागा उघडी सोडून तिथून उलटवा, इस्त्री फिरवा, ती जागा हाताने शिवून टाका. आत जुन्या लोकरी शालीचा १६×७ चा तुकडा, फक्त मधोमध टीप, वहीच्या पानांसारखा. सुया त्यातच टोचायच्या. काठ असेल तर तो बाहेरून दिसू दे, शोभा त्याचीच.