आयएसईईची तयारी कशी करून घ्यावी

अमेरिकेतल्या खासगी शाळांच्या प्रवेशासाठी प्रामुख्याने दोन परीक्षा चालतात, आयएसईई आणि एसएसएटी. बऱ्याच शाळांना दोन्हींपैकी कोणतीही चालते. क्लास शोधायच्या आधी कोणती द्यायची ते ठरवा, कारण उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं हे दोन्हींत वेगळं आहे. आयएसईईत चार पर्याय असतात आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एसएसएटीच्या मिडल आणि अप्पर पेपरांत पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा. तिथे एक तरी पर्याय नक्की बाद करता आला, तरच उत्तर ठोकावं. पुढचं सगळं आयएसईईबद्दल.

स्तर ठरतो तो ज्या इयत्तेत प्रवेश हवा त्यावरून: पाचवी-सहावीसाठी लोअर, सातवी-आठवीसाठी मिडल, नववी ते बारावीसाठी अप्पर. म्हणजे नववीत जाणारी मुलगी आणि बारावीत जाणारा मुलगा एकच स्तर देतात. आठवीतल्या मुलीला गणितात न शिकवलेलं काहीतरी दिसणारच, आणि हे तिला आधीच सांगून ठेवायला हवं. नाहीतर पहिल्याच अनोळखी प्रश्नावर ती अडून बसते आणि पुढचे सोपे प्रश्न राहून जातात.

तुलना तिच्याच इयत्तेतल्या, गेल्या 3 वर्षांत ही परीक्षा दिलेल्या मुलांशी होते. निकालात 1 ते 9 असा स्टॅनाईन, म्हणजे नऊ पायऱ्यांवरचा दर्जा, येतो. 5 म्हणजे 40 ते 59 पर्सेंटाईल. शाळेत सगळीकडे ‘ए’ आणणाऱ्या मुलाला 5 आला की घरात सुतक पाळलं जातं. पण शेजारी बसलेली मुलंही तशीच हुशार, खासगी शाळेच्या रांगेतली असतात.

मिडल आणि अप्परला वेळेचं गणित सारखंच आहे. शब्दज्ञान 40 प्रश्न 20 मिनिटांत, संख्यात्मक तर्क 37 प्रश्न 35 मिनिटांत, उताऱ्यांवरचे 36 प्रश्न 35 मिनिटांत, गणित 47 प्रश्न 40 मिनिटांत, शेवटी निबंधाला 30 मिनिटं. कॅल्क्युलेटर नाही. उतारे 6, म्हणजे एकेकाला सहा मिनिटंही मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त गुण जातात ते संख्यात्मक तर्कातल्या तुलनेच्या प्रश्नांत. ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन रकान्यांतली राशी दिलेली असते. कोणती मोठी, की समान, की सांगता येत नाही, ते ओळखायचं. ‘अ’मध्ये क्ष वर्ग, ‘ब’मध्ये क्ष. मुलं क्ष = 2 धरतात, ‘अ मोठी’ म्हणून मोकळी होतात. क्ष = 1/2 घेतला तर ‘ब’ मोठी, 1 घेतला तर दोन्ही सारख्या; उत्तर ‘सांगता येत नाही’. दुसरी कुठलीही अट दिलेली नसेल तर 0, 1, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून बघायची सवय लावा. उलट, दोन्ही रकान्यांत नुसत्या ठरलेल्या संख्या असतील तर ‘सांगता येत नाही’ हे उत्तर कधीच नसतं.

हाताशी 12 आठवडे असावेत. परीक्षा घेणाऱ्या ईआरबी संस्थेची प्रत्येक स्तराची मोफत पुस्तिका मिळते, तिच्यात नमुना पेपर असतो. पहिल्याच आठवड्यात तो घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवून घ्या. मग प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: शिकलेलंच नाही, घाईत चुकलं, की वेळ संपला. पहिल्याला शिकवणी लागते, दुसऱ्याला लागत नाही. घाईच्या चुकांवर शिकवणीचे पैसे घालणं हा नेहमीचा घोटाळा. शब्द रोज 10 पुरेत, पण अर्थाच्या गटांनी आणि वाक्यात वापरून. पन्नासची यादी घोकली की रविवारपर्यंत पाटी कोरी. दर तिसऱ्या आठवड्याला एक पूर्ण पेपर, त्याहून जास्त नको.

वर्षात तीन हंगाम असतात आणि एका हंगामात एकदाच बसता येतं. पहिला प्रयत्न ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ठेवला, तर डिसेंबर ते मार्चचा हंगाम दुसऱ्यासाठी उरतो. मात्र शाळेची अर्जाची मुदत आधी बघा.

निबंधाला गुण नसतात म्हणून घरोघरी तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. त्याची प्रत जशीच्या तशी शाळेकडे जाते. 5 मिनिटं मुद्दे, 20 मिनिटं लेखन, 5 मिनिटं वाचून दुरुस्ती, असे चार-पाच तरी लिहून घ्या.